टॅपेटचा आवाज गेला आणि गाडी सुरू व्हायची बंद झाली: मदत हवी आहे

स्प्लेंडरवाला:

मंडळी, जरा लांबण लागेल. पण अर्धवट सांगितलं तर तुम्ही पुन्हा विचारणारच, म्हणून सगळंच लिहितो.

गाडी २००६ ची हिरो होंडा स्प्लेंडर प्लस. वडिलांनी घेतलेली, आता माझ्याकडे आहे. मध्ये दोन वर्षं मीटरची केबल तुटलेली होती, त्यामुळे खरे किलोमीटर किती झाले ते देवालाच ठाऊक. इंजिन अजून एकदाही खोललेलं नाही. गेले दोन-तीन महिने हेडमधून टिक टिक असा बारीक आवाज यायचा. पिकअप, अ‍ॅव्हरेज सगळं ठीक होतं, पण आवाज एकदा कानात बसला की दुसरं काही ऐकू येत नाही. मेकॅनिक म्हणाला, टॅपेट आहे (म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातला गॅप वाढलाय), करून देतो. मी म्हटलं, एवढंच ना, मग घरीच करू.

फिलर गेज (गॅप मोजायच्या ठरावीक जाडीच्या पात्यांचा जुडगा) आणला. मॅन्युअलमध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्हना ०.०५ मिमी गॅप दिलाय. बुधवारी संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर चहा घेतला आणि कामाला लागलो. प्लग काढला, डाव्या कव्हरवरची दोन्ही झाकणं नाण्याने उघडली, आतला मॅग्नेट (इंजिनासोबत फिरणारं चाक) घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवून त्यावरची ‘टी’ची खूण जुळवली, म्हणजे पिस्टन सर्वात वर. दोन्ही रॉकर हाताने हलत होते, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद, गाडी कॉम्प्रेशनवर आहे हे नक्की. हेडवरच्या टॅपेटच्या दोन झाकणांपैकी वरच्या, इनटेकच्या झाकणाचं काम सोपं होतं. खालचं एक्झॉस्टचं झाकण उघडल्यावर मात्र तेल थेट सायलेन्सरच्या बेंडवर (दुसऱ्या दिवशी सिग्नलला माझ्याभोवती धुनी पेटल्यासारखा धूर). ०.०५ ची पाती दोन्हीकडे सैल जात होती. मग पाती चांगली घट्ट ओढावी लागेपर्यंत रॉकरवरचा टॅपेटचा स्क्रू आवळला आणि त्याला जागेवर धरणारा लॉकनट टाइट केला. झाकणं लावून किक मारली तर आवाज गायब! शिलाई मशीनसारखी गाडी. बायकोला बाहेर बोलावून ऐकवली, तिला काही फरक कळला नाही.

आता रडगाणं. शनिवारपासून सकाळी गाडी सुरूच होत नाही. चोक ओढून पंधरा-वीस किका. सुरू झाली तरी रेस धरत नाही, सिग्नलला बंद पडते, सायलेन्सरमधून मधूनच फट्‌ फट्‌. दुपारी गरम असताना त्यातल्या त्यात बरी चालते. प्लग नवीन टाकून पाहिला, फरक शून्य. टॅपेटचा आणि याचा संबंध आहे, की योगायोगाने कार्ब्युरेटर गेला?

आरएक्सप्रेमी:

म्हणून आम्ही टू स्ट्रोक चालवतो. असले व्हॉल्व्हच नाहीत तर टॅपेट कुठून येणार. (पळतो आता.)

मुक्काम पोस्ट:

कार्ब्युरेटर उघडून पायलट जेट (कमी रेसला पेट्रोल सोडणारं बारीक भोक) साफ करा. थंडीत स्प्लेंडरचं हे नेहमीचंच. एअर स्क्रू पूर्ण आत घालून दीड आटा बाहेर काढा, होईल ठीक.

जुना फिटर:

मुक्काम पोस्ट, थांबा जरा. कार्ब्युरेटरला अजून कोणी हात लावू नका. बुधवारपर्यंत गाडी ठीक होती, बुधवारी टॅपेटला हात लागला, शनिवारी गाडी रुसली. आधी बुधवारचं काम तपासायचं. दोन गोष्टी एकदम हलवल्या की कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

स्प्लेंडरवाला, चार प्रश्न आहेत. खरी उत्तरं द्या, लाजू नका.

१. इंजिन पूर्ण थंड होतं का? ‘चहा घेतला’ म्हणजे वीस मिनिटं झाली असतील.
२. लॉकनट टाइट केल्यावर पाती पुन्हा घालून पाहिली का?
३. किक आता आधीपेक्षा हलकी लागते का?
४. ‘घट्ट ओढावी लागेपर्यंत’ म्हणजे किती घट्ट?

स्प्लेंडरवाला:

१. वीस-पंचवीस मिनिटं. हेडला हात लावला तर कोमट होतं. २. नाही पाहिली. ३. हो! तुम्ही विचारल्यावर आत्ता खाली जाऊन मारून आलो. सकाळी तर पाय फुकट खाली जातो. ४. पाती वाकेल की काय अशी भीती वाटेल इतकी.

एक सांगायचं राहिलं. ‘टी’ची खूण पहिल्यांदा पुढे निघून गेली होती. मग मागे फिरवून आणली. त्याने काही बिघडलं असेल का? आणि समजा मी चुकून ‘एफ’वर केलं असेल तर?

जुना फिटर:

‘एफ’ची भीती सोडा. ‘एफ’ ही ठिणगी पडण्याची खूण, ‘टी’च्या थोडी आधी येते. कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात तिथेही दोन्ही व्हॉल्व्ह बंदच असतात, रॉकर कॅमच्या (त्यांना ढकलणाऱ्या फिरत्या उंचवट्याच्या) गोल पाठीवर टेकलेले असतात. ‘टी’ पक्की खूण म्हणून ती धरायची, पण थोडं इकडेतिकडे झाल्याने हे दुखणं होणार नाही.

खरा घोळ होतो तो फेरा चुकला की. ‘टी’ दर फेऱ्याला येते, एकदा कॉम्प्रेशनवर आणि एकदा एक्झॉस्ट संपून इनटेक सुरू होताना. त्या दुसऱ्या ‘टी’ला दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात, रॉकर दगडासारखे घट्ट लागतात. तिथे कोणी गॅप सेट केला तर खरा गॅप भलताच मोठा होतो आणि गाडी हातोडीने ठोकल्यासारखी वाजते. तुमची गाडी उलट गप्प झाली आहे. शिवाय रॉकर हलत होते म्हणता. म्हणजे फेरा बरोबर होता.

तुमच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी एकाच दिशेला गेल्या आहेत. मॅन्युअलमधला ०.०५ हा थंड इंजिनाचा आकडा आहे. थंड म्हणजे रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा. कोमट हेडवर मापलेला गॅप हा गॅपच नव्हे. त्यात पाती वाकेपर्यंत आवळलं. आणि लॉकनट पिळताना आतला चौकोनी स्क्रू केसभर सोबत फिरतोच. पाच शतांश मिलिमीटरच्या खेळात केसभर म्हणजे सगळं काही. एक्झॉस्टचा गॅप शून्य झाला असणार. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं, म्हणून किक हलकी लागते. बंद न होणाऱ्या व्हॉल्व्हमधून जळतं मिश्रण सायलेन्सरमध्ये जातं, ती तुमची फट्‌ फट्‌.

आणि अशी गाडी फार चालवू नका. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता सीटवर (हेडमधल्या त्याच्या बैठकीवर) टेकतो तेव्हाच सोडतो. टेकलाच नाही तर कड जळते. कड जळली की हेड उतरवणं आलं, मग घरी करण्याची मजा संपली.

तेलकट हात:

जुन्या फिटरशी सहमत. त्यात भर: आवाज येणाऱ्या टॅपेटपेक्षा गप्प टॅपेटला जास्त घाबरायचं, हे मी पैसे भरून शिकलो आहे.

गॅप वाढतो कशाने? रॉकरचं तोंड, कॅम, स्क्रूचं टोक झिजल्याने. कमी होतो कशाने? व्हॉल्व्ह आणि सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो, त्याचा दांडा रॉकरच्या जवळ येतो. म्हणजे न वाजता, न सांगता कमी होत जातो. आवाज आला की आपण धावत गॅरेजला जातो, आवाज कमी झाला की खूश होतो. सगळं उलटं.

मुक्काम पोस्ट:

बरं, कार्ब्युरेटर मागे घेतो. पण फिलर गेज वगैरेची गरजच काय? आमच्या गावचा मेस्त्री दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा वापरतो, तीस वर्षं.

जुना फिटर:

दाढीचं ब्लेड साधारण ०.१ मिमी असतं. स्प्लेंडरला ०.०५ लागतो, म्हणजे दुप्पट. गाडी वाजेल पण चालेल, मेस्त्रीला कोणी बोल लावणार नाही. तो हुशार माणूस आहे, चूक सैल बाजूला ठेवतो. आपण मात्र गेज वापरू. नव्या मॉडेलना आकडा वेगळा असू शकतो, तेव्हा दुसऱ्याच्या गाडीचा आकडा उचलू नका. आणि स्क्रू फिरवायला पकड अजिबात नको, त्याचं चौकोनी डोकं गोल होतं. टॅपेटची छोटी चावी दुकानात मिळते.

रविवारी सकाळी, किक न मारता, आधी फक्त मापून सांगा. काही फिरवू नका.

बुलेटराजा:

अवांतर: आमच्या यूसीई (इंजिन-गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) बुलेटला हायड्रॉलिक टॅपेट, तेलाच्या दाबाने गॅप आपोआप सांभाळतात, ही भानगडच नाही. पण मित्राने नवी मीटिऑर घेतली, तिला पुन्हा स्क्रू आणि लॉकनट. ड्यूकवाल्यांचं तर विचारूच नका, तिथे शिम (ठरावीक जाडीच्या चकत्या) बदलावे लागतात.

स्प्लेंडरवाला:

रविवारचा अहवाल. सहा वाजता उठलो, हे घरच्यांना अजून पटलेलं नाही.

प्लगच्या भोवती आधी फुंकून साफ केलं. मग प्लग काढून भोकावर अंगठा धरला आणि मॅग्नेट फिरवला. अंगठा ढकलला गेला तेव्हा थांबून ‘टी’ जुळवली. माझ्या गेजमध्ये सर्वात पातळ पाती ०.०४ ची आहे.

इनटेक: ०.०४ जाते, ०.०५ जात नाही.
एक्झॉस्ट: ०.०४ सुद्धा जात नाही. रॉकर बोटाने हलतच नाही. शून्य.

जुना फिटर, तुमच्या तोंडात साखर पडो. आता पुढे?

जुना फिटर:

आता लॉकनट ढिला करा, स्क्रू थोडा उलटा फिरवा, ०.०५ ची पाती आत ठेवा आणि पातीसकट स्क्रू हलकेच टेकवा. ओढताना पाती कशी लागली पाहिजे? बंद वहीच्या पानांतून कागद ओढल्यासारखी. अडकली नाही पाहिजे, पण आहे हे कळलं पाहिजे. मग एका हाताने चावीने स्क्रू धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने लॉकनट टाइट करा. पाती काढा. पुन्हा घाला. पुढची, ०.०६ ची असेल तर तीही घालून पाहा. ०.०५ गेली आणि ०.०६ अडली की काम झालं. मॅग्नेट दोन पूर्ण फेरे फिरवून परत ‘टी’वर आणा आणि पुन्हा एकदा मापा. पहिल्या वेळी कोणाचंच बरोबर येत नाही, माझंही नाही.

पात्या पुसून घ्या. तेल लागलेल्या पातळ पात्या एकमेकींना चिकटतात आणि आपण दोन पात्यांचा गॅप सेट करून बसतो.

स्प्लेंडरवाला:

चौथ्या वेळी जमलं. चोक ओढून दुसऱ्या किकला सुरू!! रेस धरते, सिग्नलला बंद पडत नाही, किकला दम आहे.

पण आवाज परत आला. पूर्वीएवढाच. गेज तर ०.०५ बरोबर दाखवतोय, दोनदा मापलं. आता हा आवाज मानायचा का?

तेलकट हात:

आधी कुठून येतोय ते नक्की करा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टॅपेटच्या झाकणावर टेकवून मूठ कानाला लावा. वर, खाली, मग डावीकडे टायमिंग चेनच्या बाजूला. चेन सैल असेल तर खरखर येते, रेस सोडताना जास्त. सायलेन्सरचा बेंड हेडला जिथे बसतो तिथली गॅस्केट गळत असली तरी हुबेहूब टॅपेटसारखं टिकटिकतं, त्यात भले भले फसतात.

झाकणावरूनच स्पष्ट आला तर स्क्रू काढून त्याचं टोक बघा. जुन्या गाडीत व्हॉल्व्हच्या दांड्याने त्या टोकाला बारीक खड्डा पडतो. पाती सपाट असते, ती खड्ड्याच्या कडांवर टेकते आणि ०.०५ म्हणते. दांडा मात्र खड्ड्यात जातो, खरा गॅप त्याहून जास्त. गेज खोटं बोलत नाही, पण त्याला खड्डा दिसत नाही. त्यावर अजून आवळून आवाज घालवू नका.

स्प्लेंडरवाला:

तेलकट हात, तुम्हाला दंडवत. वरच्या झाकणावर आवाज होता. इनटेकच्या स्क्रूच्या टोकाला नखाला जाणवेल असा खड्डा, वाटीसारखा. एक्झॉस्टचाही थोडा. दोन्ही स्क्रू आणि लॉकनट नवीन आणले, दोन वडापाव आणि चहाच्या पैशांत आले. थंड इंजिनावर पुन्हा सेट केलं. आवाज अर्ध्याहून कमी झालाय. उरलेला हेल्मेट घातल्यावर ऐकू येत नाही, आणि आता तो ऐकायचाही नाही असं ठरवलंय.

शेवटचा प्रश्न. खालच्या झाकणातून तेल पाझरतंय. रात्रभरात फरशीवर रुपयाएवढा डाग. झाकण अजून आवळू का?

जुना फिटर:

आवळू नका! तिथले आटे अ‍ॅल्युमिनियमचे आहेत, गेले की खिशाला कात्री. ओरिंग (झाकणाचं रबरी कडं) बघा, चपटी आणि कडक झाली असेल, २००६ ची असायची. दोन्ही झाकणांच्या ओरिंग नवीन घ्या, बोटाने तेल लावून बसवा, झाकण आधी हाताने पूर्ण फिरवा आणि मग पान्याने जेमतेम टेकवा. आणि पुढच्या वेळी उघडण्याआधी बेंडवर जुनं फडकं टाका.