मदत हवी आहे: एनडीपीएसमध्ये (अमली पदार्थविरोधी कायद्यात) शिक्षा, गाडीमालकाचा आणि ड्रायव्हरचा वकील एकच. अपिलात हा मुद्दा टिकतो का?

नमस्कार. मावसभावासाठी विचारतेय. नावगाव टाकत नाही, दाभोळ खाडीच्या आसपासचे आहोत एवढं पुरे.

भाऊ टेम्पो चालवायचा, गाडी दुसऱ्याची. सीझनला आंब्याच्या पेट्या वाशीला, एरवी मिळेल तो माल. नाकाबंदीत गाडी अडवली, रिकाम्या क्रेटांखाली गांजा निघाला, 20 किलोच्या वर. म्हणजे कमर्शियल क्वांटिटी. कमीत कमी 10 वर्षं आणि लाखाचा दंड, तेवढीच शिक्षा झाली. गाडीमालकही आरोपी होता, तो सुटला.

दोघांचा वकील एकच होता आणि फी मालकाने भरली. मावशीला तेव्हा देव पावल्यासारखं वाटलं. निकालपत्र वाचलं तेव्हा उलगडा झाला. मालकाचा बचाव: ड्रायव्हरने परस्पर काय भरलं ते मला ठाऊक नाही. भाऊ पहिल्या दिवसापासून सांगतोय की गाडी मालकाच्या आवारात भरून तयार होती, मला किल्ली आणि पत्ता दिला. आता ही दोन्ही म्हणणी एकच माणूस कशी मांडणार? भावाचं मांडलंच नाही. गाडी कुणी भरली यावर तपास अधिकाऱ्याला उलटतपासात एक प्रश्न नाही. त्या रात्रीचे मालकाचे फोन होते, पण सीडीआर (कॉल रेकॉर्ड) मागवायचा अर्ज नाही. आरोपीच्या जबाबात सगळीकडे 'खोटं आहे', 'माहीत नाही'. तीही उत्तरं वकिलांनीच सांगितली, असं भाऊ म्हणतो.

अपिलात हे घेता येईल का? बार कौन्सिलकडे तक्रार आधी करायची की नंतर? शिवाय वकील फाइल देत नाहीत, म्हणे फी बाकी आहे.

'ड्रग्जवाल्यांना असंच पाहिजे' छापाचे प्रतिसाद नकोत, ते गावात फुकट मिळतात. 2023 च्या ऑगस्टमध्ये दापोलीकडे चरसची पाकिटं किनाऱ्याला लागल्यापासून इथे प्रत्येक जण तज्ज्ञ आहे.

प्रतिसाद १ (फौजदारी वकिली करतो)

ताई, पहिली मुदत बघा. हायकोर्टातल्या अपिलाला 60 दिवस. नकलेसाठी अर्ज केल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचा काळ त्यातून वजा होतो. उशीर झालाच तर विलंबमाफीचा अर्ज जोडा. रत्नागिरी-सिंधुदुर्गची अपिलं ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे चालतात.

मुद्दा टिकू शकतो, पण 'वकिलाने नीट काम केलं नाही' एवढ्यावर आपली कोर्टं शिक्षा फिरवत नाहीत. त्यामुळे आरोपीचं नुकसान काय झालं ते रेकॉर्डवरून दाखवावं लागतं, आणि तुमच्याकडे ते दिसतंय. एनडीपीएसच्या कलम 35 प्रमाणे आरोपीला माहिती होती असं कोर्ट धरूनच चालतं. नव्हती हे आरोपीने सिद्ध करायचं, तेही वाजवी संशयापलीकडे. कलम 25 प्रमाणे गाडी जाणूनबुजून अशा कामाला देणारा मालकही दोषी. म्हणजे ड्रायव्हरला वाचवायचं तर बोट मालकाकडे जाणारच. हे दोन अशील एकाने घ्यायलाच नको होते. दोघांची वकीलपत्रं, रोजनामा (कोर्टाची तारखेवार नोंद), उलटतपास यांच्या नकला काढा आणि अपिलाबरोबर सीडीआरसाठी जादा पुराव्याचा अर्ज द्या (बीएनएसएस, म्हणजे नवी फौजदारी प्रक्रिया संहिता, कलम 432).

याच एका मुद्द्यावर मात्र बसू नका. कलम 52अ प्रमाणे मुद्देमालाची यादी आणि नमुने मॅजिस्ट्रेटसमोर झाले का, ते तपासा. कलम 50 कुणी सुचवेल, पण ते अंगझडतीसाठी आहे, गाडीच्या झडतीला लागत नाही. शिक्षेला स्थगिती मिळू शकते, फक्त कलम 37 च्या जामिनाच्या कडक अटी आडव्या येतात, तेव्हा लगेच सुटेल अशी आशा मावशींना लावू नका.

फीसाठी फाइल अडवून ठेवता येत नाही, सुप्रीम कोर्टाने 2000 साली आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्ट सांगितलंय. बार कौन्सिलची तक्रार वेगळी चालते, तिने शिक्षा कमी होत नाही. अपील आधी.

प्रतिसाद २

पैशांची अडचण असेल तर कैद्याला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जेलमधूनच अर्ज करता येतो, किंवा 15100 या कायदेशीर मदतीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

धागाकर्ती

खूप आभार दोघांचेही. रोजनाम्याची नक्कल वेगळी मागायची का? निकालपत्राबरोबर आली नाही.

प्रतिसाद १

हो, वेगळी. अर्जात सुरुवातीपासून निकालापर्यंतचा रोजनामा असं लिहा, नाहीतर शेवटची दोन पानं देतात. आणि मालकाचं वकीलपत्र कोणत्या तारखेचं आहे ते आधी बघा.