कढीपत्त्यावर अळ्या पडल्यात, गटातल्यांना फवारणी हवीय. काय करू?

रानजाई: वसाहतीमागच्या पडीक तुकड्यावर आम्ही काही जण सुटीच्या दिवशी श्रमदान करतो. फुलपाखरं, मधमाश्या याव्यात म्हणून बाग करतोय. झेंडू भरपूर लावलाय, कुंपणाला घाणेरी आधीपासूनच आहे. आता कढीपत्त्यावर अळ्या आहेत आणि रुईची तर पानंच उरली नाहीत. निम्मा गट फवारणी करा म्हणतोय. मला ते पटत नाही, पण त्यांना समजावू कसं? मधमाश्याही फारशा दिसत नाहीत.

मातीतली: फवारू नका, हात जोडून सांगते. ज्या फुलपाखरांसाठी बाग केलीत, त्यांचीच पोरं म्हणजे या अळ्या! रुईवर बहुधा प्लेन टायगर फुलपाखराची अळी असेल. कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन फुलपाखरू अंडी घालतं. त्याची लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते. काडीने हळूच डिवचलं तर डोक्यामागून लाल, दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. गटातल्या विरोधकांना हे एकदा जवळून दाखवा, माझ्या अनुभवात कुठल्याही भाषणापेक्षा याचा उपयोग जास्त होतो. रुई पुन्हा फुटते, तिची काळजी नको.

फुलपाखराला मकरंद बऱ्याच फुलांवर मिळतो, अळीला मात्र ठरावीक झाडंच चालतात. नुसती फुलं लावलीत तर फुलपाखरं पाहुण्यासारखी येऊन जाणार. पानफुटी लावा, रेड पिएरो फुलपाखराची अळी तिच्या जाड पानाच्या आत शिरून गर खाते.

आणि इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधं तर नकोतच. ती झाडाच्या रसात भिनतात, तिथून मकरंदात आणि परागात उतरतात. युरोपीय संघाने २०१८ मध्ये या गटातल्या तीन औषधांच्या उघड्यावरच्या वापरावर बंदी घातली, ती मधमाश्यांसाठीच.

पाणकणीस: झेंडूबद्दल थोडं. गच्च पाकळ्यांच्या संकरित जाती दिसायला छान, पण त्यात मधमाशीला फारसं काही मिळत नाही. एकेरी फुलं लावा. तुळस, सब्जा फुलू द्या, मंजिऱ्या खुडू नका. घाणेरीवर फुलपाखरं येतात हे खरं, पण ती मूळची अमेरिका खंडातली आणि खाली दुसरं काही वाढू देत नाही. एकदम उपटू नका, दुसरी झाडं फुलायला लागली की टप्प्याटप्प्याने काढा.

रानजाई: आभार! मधमाश्यांसाठी खोकी टांगू का?

मातीतली: आधी जमीन मोकळी सोडा. पोळं करणाऱ्या माश्या थोड्याच, बहुतेक जाती एकेकट्या राहतात आणि त्यातल्या पुष्कळ जमिनीत बीळ करतात. तुम्ही हौसेने सगळीकडे पालापाचोळा अंथरला असेल तर त्यांना जागाच राहत नाही. उन्हातला, किंचित उताराचा एक कोपरा उघडा ठेवा, तिथे कुदळ नको नि पाणीही नको. निळ्या पट्ट्यांची माशी अशाच मातीत घर करते. वांग्याच्या फुलाला बिलगून ती अंग थरथरवते, तेव्हा पराग झडतो. साध्या मधमाशीला ते जमत नाही. भुंग्यांसाठी वाळलेलं लाकूड नाहीतर बांबू पडू द्या.

त्या कोपऱ्याभोवती दगड मांडून ठेवा, म्हणजे साफसफाईच्या दिवशी कुणी खुरपं घेऊन तिथे शिरणार नाही.