जाळ्यातल्या जोडण्या मोजून अत्यावश्यक प्रथिनं ओळखता येतात का?

मीनल_जैव :
पेशीतली काही प्रथिनं अशी असतात की त्यांचं जनुक काढून टाकलं की पेशी जगतच नाही. हीच अत्यावश्यक प्रथिनं. यीस्टच्या, म्हणजे एका एकपेशीय बुरशीच्या, बाबतीत ही तपासणी प्रत्यक्ष झालेली आहे. सुमारे ६,००० जनुकं एकेक करून काढून पाहिली, तेव्हा पोषक माध्यमातसुद्धा पाचातलं जवळपास एक अत्यावश्यक निघालं. पण एवढा खटाटोप प्रत्येक जीवासाठी करता येत नाही. माझं म्हणणं असं की कोणतं प्रथिन कोणाला चिकटतं याचा नकाशा, म्हणजे प्रथिनांच्या जोडण्यांचं जाळं, हाताशी असेल, तर त्या जाळ्याच्या रचनेवरून अत्यावश्यक प्रथिनं बऱ्यापैकी हेरता येतात.

२००१ साली जोंग, बाराबासी आणि सहकाऱ्यांनी यीस्टचं १,८७० प्रथिनांचं आणि २,२४० जोडण्यांचं जाळं तपासलं. पाच किंवा त्याहून कमी जोडण्या असलेल्या प्रथिनांपैकी २१ टक्के अत्यावश्यक होती. पंधराहून जास्त जोडण्या असलेल्यांमध्ये, म्हणजे हबमध्ये, हेच प्रमाण ६२ टक्के होतं. पुढे नुसत्या जोडण्या मोजण्यापलीकडे बिटवीननेस, सबग्राफ सेंट्रॅलिटी असे, प्रथिनाची जाळ्यातली जागा किती मध्यवर्ती ते मोजणारे कितीतरी निकष आले. तुमचं मत काय?

तर्कट :
मला हे पटत नाही. पंधराहून जास्त जोडण्यांची प्रथिनं त्या जाळ्यात एक टक्काही नव्हती. १,८७० मधली फार तर डझन-दीड डझन. एवढ्यावर नियम उभा राहत नाही.

मुळात तो नकाशा कसा तयार झाला ते बघा. यीस्ट टू-हायब्रिड, म्हणजे दोन प्रथिनं एकमेकांना चिकटतात का ते यीस्टच्या पेशीत तपासायची पद्धत; तिचे सुरुवातीचे दोन मोठे प्रकल्प म्हणजे उएट्झ यांचा २००० चा आणि इतो यांचा २००१ चा. दोन्ही एकाच जीवावर, तरी दोघांच्या याद्यांमध्ये सामाईक जोडण्या फारच थोड्या निघाल्या. उरलेल्या बऱ्याच जोडण्या सुट्या शोधनिबंधांतून गोळा केलेल्या असतात. ज्या प्रथिनावर लोक वर्षानुवर्षं काम करतात त्याच्या जोडण्या जास्त सापडणारच. आणि काम कशावर होतं? जे काढलं की पेशी मरते, त्यावर. म्हणजे जे सिद्ध करायचं आहे ते आधीच डेटात शिरलेलं असतं. २००८ मध्ये यीस्टचा नव्याने काळजीपूर्वक केलेला थेट जोडण्यांचा नकाशा 'सायन्स'मध्ये आला. त्यात जोडण्यांची संख्या आणि अत्यावश्यकता यांचा संबंध दिसला नाही.

दुसरं असं की फ्लुकोनाझोलसारखी बुरशीवरची औषधं ज्याला रोखतात ते एर्ग११ हे एंझाइम घ्या. एर्गोस्टेरॉल, म्हणजे बुरशीच्या पेशीपटलाला लागणारा स्निग्ध पदार्थ, तयार होण्याच्या साखळीतली ती एक पायरी आहे. हे एंझाइम अत्यावश्यक आहे ते एक विशिष्ट रसायन घडवतं म्हणून; ते किती जणांना चिकटतं याचा तिथे काय संबंध? त्यातून ते पटलात रुतलेलं असतं. नेहमीच्या टू-हायब्रिडमध्ये दोन्ही प्रथिनं केंद्रकात येऊन भेटावी लागतात, त्यामुळे अशांच्या जोडण्या नीट पकडल्याच जात नाहीत.

मीनल_जैव :
अभ्यासाचा कल डेटात शिरतो हे मान्य. पण सगळा संबंध तेवढ्यानेच उभा राहिला असं म्हणणं म्हणजे दुसऱ्या टोकाला जाणं झालं. २००८ मध्येच झोटेंको आणि प्रझिटिका यांच्या गटाने वेगवेगळ्या पद्धतींनी बनवलेली यीस्टची अनेक जाळी तपासली. हब आणि अत्यावश्यकता यांचा संबंध त्यांतल्या बहुतेकांत दिसला. बदललं ते त्यामागचं कारण. हब काढल्यावर जाळ्याचे तुकडे पडतात म्हणून पेशी मरते, हे जुनं स्पष्टीकरण त्यांनी नाकारलं. त्यांच्या मते अत्यावश्यक प्रथिनं दाट विणलेल्या, एकाच कामात गुंतलेल्या गटांमध्ये दाटीवाटीने असतात आणि हब बहुधा अशाच गटांचे सदस्य असतात. ही माहिती जाळ्यातूनच मिळाली ना?

आलेख :
मीनल, तुमचं हे शेवटचं वाक्य पुढे नेलं तर मूळ दावाच बदलतो. थोडं सविस्तर लिहितो.

प्रोटिअसोम म्हणजे पेशीतली नको असलेली प्रथिनं तोडणारं यंत्र. यीस्टमध्ये त्याचा गाभा, म्हणजे २०एस भाग, १४ वेगवेगळ्या प्रथिनांचा असतो. त्यातली १३ अत्यावश्यक आहेत. चौदावं म्हणजे प्री९ काढलं तरी पेशी जगते, कारण त्याची रिकामी जागा शेजारचं प्री६ भरून काढतं आणि गाभा तयार होतो. जनुकांवरून आरएनए बनवणाऱ्या आरएनए पॉलिमरेज २ चंही तसंच. १२ घटकांपैकी १० अत्यावश्यक. आरपीबी४ आणि आरपीबी९ नसतील तर पेशी कुरकुरत का होईना, वाढते.

आता हा गाभा जाळ्यात कसा दिसतो ते पाहा. प्रथिनांचं अख्खं संकुल, म्हणजे एकत्र जुळून काम करणारा गट, पेशीतून ओढून काढलं आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंची वजनं मोजून) त्यातली प्रथिनं ओळखली की एक यादी मिळते, जोड्या मिळत नाहीत. जोड्या आपण करतो. यादीतला प्रत्येक जण दुसऱ्या प्रत्येकाशी जोडलेला आहे असं धरलं, तर १४ जणांच्या ९१ जोड्या होतात आणि प्रत्येकाच्या नावावर १३ जोडण्या पडतात. प्री९ च्याही. म्हणजे मोठ्या संकुलात असणं एवढ्यानेच प्रथिन हब होतं, आणि त्या १३ जणांपासून प्री९ ला वेगळं काढेल असं जोडण्यांच्या आकड्यात काहीच उरत नाही.

हार्ट, ली आणि मारकॉट यांनी २००७ मध्ये यीस्टच्या संकुलांचा नकाशा मांडला, तेव्हा हेच दिसलं. संकुलं एक तर बहुतांश अत्यावश्यक प्रथिनांची असतात, नाही तर बहुतांश बिनगरजेच्या, मधली कमी. म्हणून मला वाटतं, अत्यावश्यकता हा आधी संकुलाचा गुण आहे, मग प्रथिनाचा. जाळं तुम्हाला घर दाखवेल. त्या घरातल्या कोणावाचून अडतं, ते नाही सांगणार.

तर्कट :
आलेख यांच्याशी सहमत. त्यात जुळ्या जनुकांची भर घाला. यीस्टमध्ये एचएसपी९० या प्रथिनाची एकमेकांसारखी दोन जनुकं आहेत, एचएसपी८२ आणि एचएससी८२. हे प्रथिन इतरांना घडी घालायला मदत करतं, त्यामुळे त्याच्या जोडण्या भरपूर. तरी दोन्हींपैकी कोणतंही एक काढा, पेशी जगते. दोन्ही काढली की मरते. जोडण्या मोजणारी पद्धत इथे हमखास चुकणार, आणि चूक कळेल ती जनुकांच्या क्रमातलं साम्य पाहून. रायबोसोमच्या बऱ्याच प्रथिनांचंही यीस्टमध्ये हेच आहे.

श्रीधर_प :
मी गणनेच्या बाजूने बोलतो. या विषयातले बरेच निबंध ८० टक्क्यांच्या वरची अचूकता ठळकपणे मांडतात. पाचातलं एकच प्रथिन अत्यावश्यक असेल, तर डोळे झाकून सगळ्यांना 'अत्यावश्यक नाही' म्हटलं तरी ८० टक्के बरोबर येतं. अचूकतेचा आकडा इथे निरुपयोगी आहे. विचारायचं ते हे की पहिल्या १०० किंवा २०० नावांत खरी किती निघाली, आणि उत्क्रांतीत टिकून राहिलेली जनुकं एवढा एकच निकष लावला असता तर किती निघाली असती.

दुसरी बाब आलेख यांच्या मुद्द्याशी जोडलेली आहे. संगणकी मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी आणि चाचणीसाठी प्रथिनं सरमिसळ करून वाटली, तर प्रोटिअसोमची दहा इकडे, चार तिकडे जातात. मॉडेल संकुल ओळखायला शिकतं, आणि आपल्याला वाटतं अत्यावश्यकता ओळखायला शिकलं. अख्खी संकुलं एका बाजूला ठेवून चाचणी घ्या. आकडे उतरणार.

तरी जाळ्याची रचना टाकून द्या असं मी म्हणणार नाही. पीईसीसारख्या पद्धती दोन प्रथिनांना किती सामाईक शेजारी आहेत आणि त्यांची जनुकं एकाच वेळी चालू-बंद होतात का, हे एकत्र पाहतात. अशा पद्धती नुसत्या डिग्रीपेक्षा, म्हणजे जोडण्यांच्या संख्येपेक्षा, वर राहतात, कारण खोट्या जोडण्यांचं वजन कमी होतं.

मीनल_जैव :
श्रीधर, चाचणीचा मुद्दा पूर्ण मान्य. पण आपण सगळे यीस्टवरच बोलतोय, जिथे उत्तर आधीच माहीत आहे. माझी तळमळ रोगजंतूंसाठी आहे. औषधाचं लक्ष्य निवडताना हजारो प्रथिनांपैकी आधी कोणती घ्यायची?

तर्कट :
रोगजंतूंच्याच बाबतीत प्रत्यक्ष प्रयोग पुढे गेलेले आहेत. क्षयाच्या जंतूमध्ये ससेटी आणि रुबिन यांच्या गटाने २००३ मध्येच ट्रान्सपोझॉन (जागा बदलणारा डीएनएचा तुकडा) जनुकांमध्ये सगळीकडे घुसवून, कुठे घुसला की जंतू वाढत नाही ते पाहिलं आणि सहाशेच्या आसपास जनुकांची यादी दिली. फाल्सिपेरम मलेरियाच्या परजीवीवर असं काम २०१८ मध्ये झालं. माणसाच्या पेशींमध्येही क्रिस्परने, म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापणाऱ्या तंत्राने, जनुकं काढून पाहता येतात. थेट विचारून उत्तर मिळत असताना जाळ्यावरून अंदाज कशाला बांधायचा?

मीनल_जैव :
कारण ते उत्तर त्या माध्यमापुरतं आणि एका वेळी एका जनुकापुरतं असतं. तुमचंच एचएसपी९० चं उदाहरण घ्या. एकेक काढून ते कधीच सापडलं नसतं. सहा हजार जनुकांच्या जोड्या करायच्या तर पावणेदोन कोटींहून जास्त होतात. यीस्टमध्ये बून आणि अँड्र्यूज यांच्या गटाने ते खरोखर केलं. २०१६ च्या त्यांच्या निबंधात सुमारे २ कोटी ३० लाख दुहेरी म्यूटंट, म्हणजे दोन-दोन जनुकं बिघडवलेले यीस्ट, आहेत. कोणत्याही नव्या जंतूसाठी एवढं कोण करणार? दोन गट एकमेकांचं काम सांभाळून घेत असतील तर ते जाळ्याच्या रचनेत शोधता येतं, आणि त्यांची जनुकं एकमेकांशी साम्य असलेली असतीलच असं नाही. तिथे क्रमातलं साम्य पुरत नाही, तर्कट.

तर्कट :
जोड्यांसाठी जाळं वापरा, तिथे माझा विरोध नाही. एकट्या प्रथिनापुढे 'हब, म्हणून अत्यावश्यक' असं लिहून औषधाचं लक्ष्य सुचवणाऱ्या निबंधांना आहे. लक्ष्य सुचवणाऱ्याने निदान एवढं तरी द्यावं : ते प्रथिन कोणत्या संकुलात आहे, त्याला जुळं जनुक आहे का, आणि जोडणी कोणत्या प्रयोगातून आली.

आलेख :
आणि तेच संकुल माणसातही आहे का, हेही. प्रोटिअसोम यीस्टला जितकं लागतं तितकंच आपल्यालाही लागतं.