पहिली एसआयपी, पहिलंच डिमॅट: ॲप कोणतं घेऊ?

सुदामानगर_बस:
नमस्कार मंडळी. मी इंदूरची, वय 24, मार्चपासून सुपर कॉरिडॉरवर नोकरीला लागले. आमच्या घरात आजवर गुंतवणूक म्हणजे एलआयसी, पोस्टाची आरडी आणि आईने सराफ्यातून घेतलेलं सोनं. शेअरला बाबा अजून सट्टाच म्हणतात. माझे महिन्याला 3000 बाजूला पडतील. एका इंडेक्स फंडात (निफ्टीसारख्या यादीतलेच शेअर घेणारा फंड) एसआयपी, म्हणजे दरमहा ठरलेला हप्ता, करायची आहे, आणि हौस म्हणून वर्षाला दोन-चार शेअर घ्यायचे आहेत, बस.
ऑफिसात जो तो आपल्या ॲपची लिंक पाठवतो, रेफरलचे पैसे मिळतात म्हणून. झिरोधा, ग्रो, अपस्टॉक्स, एंजल वन, कुवेरा अशी पाच नावं कागदावर लिहून बसले आहे. वर पगाराच्या बँकेतले साहेब म्हणतात, बाहेर कशाला जाता, आमचंच थ्री-इन-वन (बचत, डिमॅट आणि शेअर-खरेदीचं खातं एकत्र) उघडा. कुठे उघडू? लिंका नकोत, प्लीज.

तिसरी_प्लेट_पोहे:
ग्रो. डोळे मिटून. माझी आई वापरते, यापुढे काय सांगू.

निवृत्त_रोखपाल:
ॲपचं नाव सगळ्यात शेवटी, बेटा. तू दोन वेगळ्या वस्तू एकाच पिशवीत भरते आहेस. म्युच्युअल फंडाला डिमॅट, म्हणजे शेअर ठेवायचं इलेक्ट्रॉनिक खातं, लागत नाही. युनिटांची नोंद फंड कंपनीकडे तुझ्या फोलिओत असते, ॲप फक्त अर्ज पोचवतं. उद्या ते बंद पडलं तरी फोलिओ जागच्या जागी. (झिरोधाच्या कॉइनवर, म्हणजे त्यांच्या फंडांच्या ॲपवर, युनिटं डिमॅटमध्ये जाऊ शकतात, एवढं लक्षात ठेव.) शेअरला डिमॅट हवंच, पण तेही दलालाच्या तिजोरीत नसतात, एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरी संस्थांकडे असतात. व्यवहार झाला की त्या महिन्याचं एकत्रित स्टेटमेंट ईमेलवर येतं. ते उघडून वाचत जा. आमच्या काळी पासबुक भरून घ्यायला लोक रांगा लावायचे, आता ईमेल आलेली कोणी उघडत नाही.

आता ते बँकेतले साहेब. मी 34 वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसलोय. ते तुला फंड देतील तो 'रेग्युलर' असेल. त्याच फंडाचा 'डायरेक्ट' प्लॅन जानेवारी 2013 पासून मिळतो. शेअर तेच, मॅनेजर तोच, पण रेग्युलरमध्ये विकणाऱ्याचं कमिशन फंडाच्या खर्चातून वर्षानुवर्षं जात राहतं आणि तुला त्याची पावती कधी दिसत नाही. 3000 महिना, 20 वर्षं, 12 टक्के धरले तर (धरले म्हणतोय, मिळतील असं नाही) 30 लाखांच्या आसपास होतात. 11 धरले तर 26 लाख 20 हजार. एका टक्क्याचे पावणेचार लाख! इंडेक्स फंडात दोन्हींतला फरक इतका नसतो, कमी असतो, पण तोही का द्यायचा?

रामबागवाला:
मी स्वतः फंडांचा वितरक आहे, कमिशनवर फंड विकतो, तेव्हा माझं बोलणं त्या हिशेबाने घ्या. काकांचं गणित बरोबर आहे, पण ते 20 वर्षं न थांबणाऱ्या माणसाचं आहे. मार्च 2020 मध्ये निफ्टी साडेसात हजारांजवळ आला तेव्हा माझा फोन सकाळी सहापासून वाजत होता. निम्म्या लोकांना एसआयपी बंद करायची होती. मी कोणालाही ग्यान दिलं नाही, एवढंच म्हटलं की आठ दिवसांनी परत फोन करा. बहुतेकांनी केलाच नाही. ॲपवर ते बटण दोन सेकंदांत दाबलं जातं. 'आठ दिवसांनी बोलू' म्हणणारं घरात कोणी असेल तर डायरेक्टच घे, मी अडवणार नाही.

निवृत्त_रोखपाल:
हे मान्य. पण त्यासाठी आयुष्यभर कमिशन?

रामबागवाला:
काका, डॉक्टरही तपासून 'काही नाही, जा' म्हणायचे पैसे घेतो.

नवलखा_लोडिंग_रिक्षा:
कागदावरची पाचही नावं सेबीकडे, म्हणजे शेअरबाजाराच्या नियामकाकडे, नोंदलेली आहेत, त्यात फार डोकं घालू नको. इंदुरात राहून खरी भीती फोनची. सेबीने टिपा विकणाऱ्यांविरुद्ध काढलेले आदेश वाच, आपल्या गावचे पत्ते पुन्हा पुन्हा दिसतील. शरम वाटते, पण मीही त्यातलाच. 2016 मध्ये विजयनगरच्या एका ॲडव्हायझरीत आठ महिने फोन लावले. टेबलावर छापील संवाद असायचा. पहिले तीन दिवस टिप फुकट. अर्ध्या यादीला 'घ्या' सांगायचं, अर्ध्या यादीला 'विका'. ज्यांच्या बाबतीत खरं ठरलं, चौथ्या दिवशी फक्त त्यांनाच फोन. महाराष्ट्राची यादी माझ्याकडे, कारण मला मराठी येतं. नागपूरकडच्या एका निवृत्त मास्तरांनी 35 हजार फी भरली. म्हणाले, 'तुम्ही आपले वाटता.' पुढच्या महिन्यात सोडली ती नोकरी.

आता फोनच्या जागी व्हॉट्सॲप ग्रुप आलेत, बाकी संवाद तोच. डिमॅट उघडलं की तुलाही येतील. सेबीच्या साइटवर नोंदणी क्रमांक तपासायचा: दलालाचा आयएनझेडने सुरू होतो, सल्लागाराचा आयएनएने. क्रमांक खरा निघाला तरी पैसे कोणाच्या खासगी खात्यात टाकायचे नाहीत. आणि ॲपमध्ये एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्स, भावाच्या चढउतारावरचे सौदे) चालू करायचं विचारतील, तिथे 'नाही'. सेबीनेच 2024 मध्ये सांगितलं की तीन वर्षांत त्यात उतरलेल्या 93 टक्के लोकांचे पैसे गेले.

सुदामानगर_बस:
बाप रे. मास्तरांचं वाचून कसंतरी झालं. सगळ्यांचे आभार, पण माझी गाडी केवायसीतच अडकली आहे. पॅनवर नाव आपल्या पद्धतीचं, म्हणजे मधे बाबांचं नाव. आधार काढलं तेव्हा शिबिरातल्या मुलाने हिंदी पद्धतीने नुसतं नाव-आडनाव टाकलं. दोन ॲपनी परत पाठवलं. आणि डिमॅटचे चार्जेस कोणी मराठीत सांगेल का?

जिरावण_जास्त:
अगं, हे एमपीतल्या प्रत्येक मराठी घरातलं दुखणं. माझंही अस्संच होतं. आधी आधार सुधारून घेतलं, मग केवायसी परत केली. 'व्हॅलिडेटेड' असा शेरा आला की कुठेही अडत नाही. तोपर्यंत ॲप बदलत बसण्यात अर्थ नाही, सगळे तीच नोंद बघतात. मोबाइल नंबरही आधारला जोडलेला हवा, ओटीपी तिथेच येतो.

चार्जेस. 'ब्रोकरेज शून्य' वाचून फसू नको. मी कौतुकाने 280 रुपयांचा एक शेअर घेतला होता. 300 ला विकला, म्हणजे 20 रुपये नफा, मी खूश. संध्याकाळी लेजर (ॲपमधली हिशेबाची वही) उघडलं तर विक्रीचा डीपी चार्ज, म्हणजे डिमॅटमधून शेअर बाहेर काढायची फी, जीएसटीसकट पंधरा रुपयांच्या वर. शिवाय एसटीटी (शेअर-व्यवहारावरचा सरकारी कर), घेताना 0.1 टक्के आणि विकताना 0.1 टक्के. हातात पडले तीन-चार रुपये, समोसाही येत नाही त्यात. डीपी चार्ज शेअर एक विका की शंभर, कंपनीमागे दिवसाला एकदाच लागतो, म्हणून थोडे थोडे विकणं महागात पडतं.

वार्षिक देखभालीचं असं आहे की सगळीकडे मिळून तुझं एकच डिमॅट असेल आणि त्यात 4 लाखांपर्यंतच माल असेल, तर ते 'बेसिक सर्व्हिसेस'मध्ये बसतं, फी शून्य. 4 ते 10 लाखांना वर्षाला 100 रुपये. सप्टेंबर 2024 पासून या मर्यादा आहेत. म्हणून ऑफिसातल्या पाच जणांना खूश करायला पाच खाती उघडू नकोस. आणि नॉमिनी भर. तो रकाना सगळे 'नंतर' म्हणून सोडतात.

मला विचारशील तर झिरोधा आणि ग्रो दोन्ही वापरून झालेत. ग्रो सोपं आहे, झिरोधावर लेजर नीट दिसतं. मला लेजर बघितल्याशिवाय झोप येत नाही, म्हणून मी तिथे.

सुदामानगर_बस:
तीन आठवड्यांनी लिहितेय. आधार सुधारलं, केवायसी व्हॅलिडेटेड. एसआयपी शेवटी कुठल्याच ॲपवर केली नाही, थेट फंड कंपनीच्या साइटवरून डायरेक्ट घेतली. बँकेतले साहेब जरा रुसलेत. डिमॅट दिवाळीनंतर, तेही एकच, आणि लेजरसाठी झिरोधा. 'आठ दिवसांनी बोलू' म्हणायचं काम आईने घेतलंय.
पहिला हप्ता शनिवारी रात्री भरला, युनिटं सोमवारच्या भावाने मिळाली. पण ईमेलमध्ये गुंतवणूक 2999.85 दिसतेय. 15 पैसे कुठे गेले? बाबा चष्मा लावून बसलेत, 'बघ, पहिल्याच दिवशी कापले.'

निवृत्त_रोखपाल:
मुद्रांक शुल्क. 0.005 टक्के, 1 जुलै 2020 पासून. सरकारने घेतले म्हणावं, फंड कंपनीने नाही. आणि ईमेल उघडून वाचलीस, शाब्बास.

तिसरी_प्लेट_पोहे:
ग्रोवर पण 15 पैसेच कापतात. चेक केलं.