द गुड, द बॅड अँड द अग्ली : ओठ आणि आवाज जुळत का नाहीत?

निवांत :
सर्जिओ लिओने यांचा १९६६ सालचा हा चित्रपट मी परवा प्रथमच सलग पाहिला. क्लिंट ईस्टवुड आणि इलाय वॉलॅक यांचे बोलणे ओठांशी बरेचसे जुळते, परंतु समोरचा एखादा दुकानदार किंवा सैनिक बोलू लागला की त्याचे तोंड मिटल्यावरही आवाज चालूच राहतो. हा माझ्याकडील प्रतीचा दोष आहे, की मूळ चित्रपटच असा आहे?

जुना प्रेक्षक :
आपल्या प्रतीत काही बिघाड नाही. त्या काळी इटलीत चित्रीकरणाच्या वेळचा आवाज अंतिम चित्रपटात ठेवण्याची पद्धत नव्हती. संवादच काय, पावलांचे आणि गोळ्यांचे आवाजसुद्धा नंतर स्टुडिओत भरले जात. त्यामुळे तिघे मुख्य नट इंग्रजीत बोलत आणि बाकीचे बहुतेक जण इटालियन किंवा स्पॅनिशमध्ये. इटालियन आवृत्ती लावून पाहिलीत तर ईस्टवुड यांचेच ओठ चुकताना दिसतील, म्हणजे सर्वांचे ओठ जुळतील अशी आवृत्ती मुळात नाहीच.

मला स्वतःला यात उणीव वाटत नाही. बंदुकीच्या दुकानातला प्रसंग आठवा. टुको, म्हणजे वॉलॅक, निरनिराळी पिस्तुले खोलून त्यांचे सुटे भाग एकत्र जोडतो, गोळ्यांचे चक्र कानाशी धरून फिरवतो आणि त्याची टिकटिक एखाद्या घड्याळजीसारखी ऐकतो. सगळा प्रसंग त्या एवढ्याशा आवाजावर तोललेला आहे, आणि तो आवाज नंतर बसवलेला आहे.

फिल्लमबाज :
थोडी भर घालतो. आपण सुमारे तीन तासांची आवृत्ती पाहिली असेल, तर त्यात २००३ साली परत जोडलेले प्रसंगही आहेत. अमेरिकेत प्रदर्शित करताना ते कापले गेले होते आणि त्यांचे इंग्रजी संवाद उपलब्ध नव्हते. म्हणून ईस्टवुड आणि वॉलॅक यांनी पस्तीसहून अधिक वर्षांनी स्वतःच्याच तरुण चेहऱ्यांना पुन्हा आवाज दिला. वॉलॅक यांनी तेव्हा ऐंशी ओलांडली होती. तिसरे मुख्य नट ली व्हॅन क्लीफ १९८९ मध्येच वारले असल्यामुळे त्यांचे संवाद दुसऱ्या कलाकाराकडून बोलवून घ्यावे लागले.

कोरडी विहीर :
शेवटच्या तिहेरी द्वंद्वात मात्र ही तक्रार उरत नाही, कारण बोलायलाच कोणी तयार नाही. स्पेनच्या बुर्गोस प्रांतात सैनिकांच्या मदतीने हजारो खोट्या थडग्यांची जी दफनभूमी उभारली होती, तिच्या मधल्या गोल अंगणात तिघे उभे राहतात, आणि कितीतरी मिनिटे डोळे, पिस्तुलाकडे सरकणारी बोटे आणि एन्नियो मोरिकोने यांचे संगीत एवढेच चालू असते. त्यांच्या काही धून चित्रीकरणापूर्वीच तयार होत्या आणि लिओने त्या सेटवर वाजवत असत. सेटवरचा आवाज टाकूनच द्यायचा असल्यामुळे त्यांना ते परवडत होते.

निवांत :
सर्वांचे आभार. टुको गुहेत जाऊन साथीदार गोळा करतो, तो परत जोडलेला प्रसंग मी काल पुन्हा लावला. चेहरा पन्नाशीतला आहे आणि आवाज सरळसरळ म्हाताऱ्या माणसाचा. पहिल्या वेळी हे माझ्या लक्षातही आले नव्हते. आता दुसरे काही ऐकूच येत नाही.