इतकं ऊन असून बाळंतिणीचं व्हिटॅमिन डी ९ कसं?

माहेरवाशीण_दारव्हा
दारव्ह्याजवळच्या गावात माहेरी आहे. पोरगी सव्वा महिन्याची झाली. माझी कंबर आणि मांड्या इतक्या दुखायच्या की बाजेवरून उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागे, म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. व्हिटॅमिन डी ९ निघालं. २० च्या वर पाहिजे म्हणतात. मला आठवड्याला एक ६०,००० युनिटची पुडी दिली अन् पोरीला रोज ४०० युनिटचे थेंब. तिचं रक्त काही घेतलं नाही.

तेव्हापासून घरात वाद सुरू. आई म्हणते, "अंगावर पिणाऱ्या लेकराले औषध कायले? रोज तेल लावून उन्हात घेतो नं आपण." तेही खरंच, सकाळी सात वाजता ओसरीच्या पायरीवर पाय लांब करून आई तिला मांडीवर पालथी घालते. आणि मी तर पोटुशी असताना दिवाळीपर्यंत कापूस वेचला! यवतमाळच्या उन्हात राबणाऱ्या बाईला डी कमी, हे कसं पटावं? दवाखान्यातून मिळालेल्या कॅल्शियमच्या गोळ्याही घेतल्या, त्यांवर डी लिहिलेलं होतं. माझं कमी म्हणजे पोरीचंही कमीच का? आणि सकाळचं ऊन पुरत नाही का?

उपकेंद्राची_सिस्टर
ताई, वेचणीला जाताना अंगावर काय होतं सांगा. साडीवरून नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट, डोक्यातोंडाला दुपट्टा, खरं ना? पऱ्हाटी ओरबाडते, ऊन लागते, म्हणून सगळ्याच बाया तसं घालतात आणि घालावंच. पण उघडी राहतात ती बोटं आणि डोळे. डी बनतं कातडीवर थेट ऊन पडलं तर. त्यात आपला रंग सावळा, आपल्याला गोऱ्या माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. पुढं बाळंतीण झालात अन् खोलीत बसलात.

सातच्या कोवळ्या उन्हात डी बनवणारे किरण जवळजवळ नसतातच. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ते ऊन कामाचं. मे महिन्यात ते नऊच्या सुमारास होतं, डिसेंबरात मात्र थेट बाराच्या आसपास. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही, आणि तेलातही डी नाही. आता मे महिन्यात दहाला तुम्ही तान्ह्या लेकराला उन्हात धरणार का? धरूच नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची कातडी ते सोसत नाही. म्हणून थेंब.

बाळाला पोटात असताना डी आईकडूनच मिळतं. तुमचं ९, तर तिचं बहुतेक त्याहूनही कमी असेल. त्यासाठी तिला सुई टोचायची गरज डॉक्टरांना वाटली नसेल, थेंब तसेही द्यायचेच असतात. आईचं दूध उत्तमच, फक्त डी त्यात फार थोडं. एक लिटर दुधात सहसा १०० युनिटही भरत नाही, आणि बाळाला रोज ४०० लागतं.

कॅल्शियमच्या सरकारी गोळीत डी २५० युनिट. दोन घेतल्या तरी दिवसाला ५००. ९ वरून वर यायला ते पुरत नाही. पण बंद करू नका, बाळंतपणानंतर सहा महिने चालू ठेवायच्या. लोहाच्या गोळीसोबत मात्र नाही, मध्ये दोन तास जाऊ द्या.

नेरची_आजी
आमच्या वेळी कुठं होते बाप्पा थेंब! सव्वा महिना अंधारी खोली, बाजेखाली शेगडी, कान बांधलेले. माझ्या थोरल्याचे पाय धनुष्यासारखे वाकले. सासूबाई म्हणत, कडेवर घेऊन घेऊन झाले. गावात तसे चार-पाच पोरं होते, डी कमी असलं की असं होते हे कोणाले ठाऊक नव्हतं, कोणी दवाखान्यात नेलं नाही. माईले सांग, भांडू नको म्हणा.

वरूडचा_बाप
आमचा मुलगा दोन महिन्यांचा असताना अचानक हात-पाय झटकायला लागला. ताप नव्हता. घरच्यांनी दृष्ट काढली, मी गाडी काढली. तपासलं तर कॅल्शियम अगदी खाली, आणि कारण डी. बायकोचंही घेतलं, तिचंही तळाला. आता चार वर्षांचा आहे, धावतो. थेंब रोज द्या, एवढंच सांगतो.

माहेरवाशीण_दारव्हा
आईला हे सगळं वाचून दाखवलं. झटक्यांचं ऐकून गप्प झाली, मग म्हणाली, "दे बाप्पा, पण मालिश सोडणार नाही." बाटलीवर १ मिलीत ८०० युनिट लिहिलंय. मेडिकलवाला म्हणे ड्रॉपर भरून १ मिली द्या, चिठ्ठीवर मात्र अर्धा मिली आहे.

उपकेंद्राची_सिस्टर
चिठ्ठीच बरोबर. ८०० च्या बाटलीतून अर्धा मिली म्हणजेच ४००. काही बाटल्यांत १ मिलीत ४०० असतं, तर काहींत एकाच थेंबात ४००, म्हणून नवी बाटली आणली की दरवेळी वाचायचं. ड्रॉपर गालाच्या आतल्या बाजूला धरून हळूहळू सोडा, दूध पाजायच्या आधी की नंतर याला महत्त्व नाही. वर्षभर द्यायचे. मालिश करू द्या की आईला, त्यानं काही बिघडत नाही. तुमची पुडी जेवण झाल्यावर दुधातून घ्या. कंबर लगेच थांबणार नाही, दोन-तीन महिने धरा, आणि रक्त पुन्हा कधी तपासायचं ते पुड्या संपल्यावर डॉक्टरांनाच विचारा.