पॅलाडिनने कोठार उघडले, तर ती लॉफुल गुड राहते का?

सात_रस्ता:

सर्वांना नमस्कार. आम्ही पाच जण दर शनिवारी रात्री डिस्कॉर्डवर डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रे रंगवून खेळायचा कथाखेळ खेळतो. मी सोलापुरात, दोघे पुण्यात, एक जण लातूरला आणि आमचे डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे) हैदराबादला असतात. माझे घर अशोक चौकाच्या मागे असल्यामुळे माइक सुरू केला की शेजारच्या यंत्रमागांची खटखट सगळ्यांच्या कानावर जाते. पहिल्या दिवशी मी त्याबद्दल माफी मागितली, तेव्हा डीएम म्हणाले की राहू द्या, हा तुमच्या पात्राच्या गावचाच आवाज आहे. अशा रीतीने माझे पात्र विणकरांच्या गावातले झाले. पुढचे मात्र मला ठरवायचे आहे आणि तिथेच गाडी अडली आहे.

आमचा खेळ ३.५ आवृत्तीच्या नियमांनी चालतो. मला पॅलाडिन, म्हणजे आचारसंहितेने बांधलेली धर्मयोद्धा, घ्यायची आहे आणि या आवृत्तीत पॅलाडिनला लॉफुल गुड (नियमनिष्ठ आणि चांगली) याखेरीज दुसरी अलाइनमेंट, म्हणजे पात्राची नैतिक बाजू, चालत नाही, हे मला माहीत आहे. अडचण पूर्वकथेची आहे. माझे पात्र एका सरदाराच्या धान्यकोठारावर कारभारी होते, दुष्काळ पडला, आणि सरदाराच्या हुकमाची वाट न पाहता तिने कोठार गावाला मोकळे केले. ही कल्पना अर्थातच मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांवरून सुचली. लहानपणी आजीकडून ती गोष्ट इतक्या वेळा ऐकली आहे की दुसरे काही सुचलेच नसते. डीएमचे म्हणणे असे की मालकाचे धान्य परवानगीशिवाय वाटणे हे केऑटिक गुड (चांगले, पण नियम न जुमानणारे) झाले, तेव्हा पूर्वकथा तरी बदला नाहीतर क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, तरी. लातूरचा मित्र म्हणतो, सरळ केऑटिक न्यूट्रल (नियम न जुमानणारी, चांगल्या-वाईटाच्या मधली) घे, म्हणजे कोणी काही विचारणारच नाही.

एकदा नियम मोडल्याने पात्र केऑटिक ठरते का? आणि अलाइनमेंट आधी ठरवून तिला साजेशी कथा लिहायची असते, की कथा लिहून झाल्यावर अलाइनमेंट शोधायची असते?

जुना_फासा:

तुमच्या डीएमना दोष देता येणार नाही, कारण हा घोळ मुळातच आहे. १९७४ साली खेळ आला तेव्हा लॉ, न्यूट्रॅलिटी आणि केऑस असे तीनच पर्याय होते, आणि ते स्वभावाचे वर्णन कमी व विश्वव्यापी झगड्यातली बाजू जास्त होते. चांगले आणि वाईट हा दुसरा, आडवा अक्ष गॅरी गायगॅक्स यांनी १९७६ च्या एका लेखात मांडला आणि आज आपल्याला पाठ असलेला नऊ घरांचा तक्ता १९७८ च्या खेळाडूंच्या नियमपुस्तकात स्थिर झाला. निरनिराळ्या वेळी आलेले हे दोन अक्ष एकमेकांना छेदतात तिथे अशा शंका उभ्या राहणारच.

आता नियमाकडे येऊ. ३.५ मध्ये पॅलाडिनची शक्ती तीन कारणांनी जाते: तिची अलाइनमेंटच लॉफुल गुड राहिली नाही, तिने जाणूनबुजून दुष्ट कृत्य केले, किंवा तिने आचारसंहितेचा उघड भंग केला. एखादे नियमबाह्य कृत्य एवढ्यानेच शक्ती जाते असे तिथे कुठेही लिहिलेले नाही. आचारसंहिताही नीट वाचा. वैध सत्तेचा मान राखावा, खोटे बोलू नये, फसवणूक करू नये, विष वापरू नये, गरजूंना मदत करावी आणि निरपराधांना छळणाऱ्यांना शासन करावे, असे ती सांगते. तुमच्या कोठाराच्या दारात यातली दोन कलमे समोरासमोर येतात, आणि कोणते वरचढ हे पुस्तक सांगत नाही.

‘वैध’ हा शब्द तिथे उगीच घातलेला नाही. सोलापूरकराला तर तो समजावून सांगायलाही नको. १९३० च्या मे महिन्यात या शहरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी सोलापूरच्या चौघांना येरवड्यात फाशी झाली. ती शिक्षा त्या वेळच्या कायद्यानेच दिलेली होती, पण चार हुतात्मा पुतळ्यापाशी उभे राहून तिला कोणी न्याय म्हणणार नाही. लॉफुल म्हणजे राज्यकर्त्याचा प्रत्येक हुकूम पाळणारा, असा अर्थ घेतला तर जुलमी राजाच्या राज्यात पॅलाडिन उरणारच नाही. शब्द पाळणे, जबाबदारी न झटकणे, आज एक आणि उद्या एक असे न वागणे, हा त्याचा खरा गाभा आहे.

म्हणून कोठार उघडले का, यापेक्षा ते कसे उघडले हे मी विचारीन. कोठारात वही असणारच. कारभारणीने रात्री कुलूप काढून पोती बाहेर दिली आणि सकाळी वहीत ‘उंदरांनी नासाडी केली’ असे लिहिले, तर तिचे मन कितीही मोठे असले तरी ती खोटे बोलली आणि संहिता मोडली. तिने दिवसाढवळ्या दार उघडून, पोती मोजून, ‘इतके धान्य गावास दिले, जबाबदार मी’ असे लिहून खाली सही केली आणि सरदाराकडे स्वतःच निरोप धाडला, तर मी तिला डोळे झाकून लॉफुल गुड म्हणेन. दामाजीपंतांच्या कथेतही विठोबा विठू महाराच्या रूपात बीदरला जाऊन धान्याचे पैसे चुकते करतो आणि रीतसर पावती घेतो. लोकांनी ही कथा इतकी वर्षे सांगितली, पण हिशेब अर्धवट ठेवला नाही.

गड्ड्यावरचा_पाळणा:

वरच्या प्रतिसादातली वहीची कल्पना मला आवडली, परंतु निष्कर्ष पटला नाही. परवानगी मागायला वेळ असूनही जो मागत नाही, तो नियमापेक्षा माणसाला वरचे मानतो. त्याला न्यूट्रल गुड म्हणण्यात कसलाही कमीपणा नाही. प्रत्येक चांगल्या माणसाला लॉफुलच्या घरात बसवण्याचा अट्टहास कशासाठी? अर्थात तुम्हाला पॅलाडिनच हवी आहे, त्यामुळे माझे मत तुमच्या फारसे उपयोगाचे नाही, हेही कळते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर संगणकावरच्या खेळांनी आकड्यांत दिले आहे. २००२ च्या नेव्हरविंटर नाइट्समध्ये दोन्ही अक्ष शून्य ते शंभर असे मोजले जातात. ७० किंवा अधिक असेल तर लॉफुल, ३१ ते ६९ न्यूट्रल, त्याखाली केऑटिक, चांगल्या-वाईटाचेही तसेच. एका कृत्याने काटा थोडा सरकतो आणि बहुतेक वेळा घर बदलत नाही. डीएमना ही पद्धत सुचवून पाहा. कोठार उघडले म्हणून पाच गुण कापा म्हणावे, वाद मिटेल.

केऑटिक न्यूट्रलच्या सल्ल्याबद्दल मात्र कळकळीने सांगतो की तो मानू नका. आमच्या जुन्या गटात एका खेळाडूने हीच अलाइनमेंट घेतली होती. तळघरातल्या लढाईत आमचा क्लेरिक (धर्मगुरू पात्र) प्राणांचे गुण शून्याखाली जाऊन पडलेला असताना याने त्याच्याच पिशवीतली औषधाची कुपी काढून घेतली, ती पुढच्या गावात विकली, आणि विचारले तर म्हणाला, “माझ्या पात्राचा स्वभावच तसा आहे.” समोरासमोर बसलो असतो तर आमचे चेहरे पाहून तो थांबला असता; हेडफोनवर फक्त शांतता ऐकू येते आणि तिचा अर्थ जो तो आपल्या सोयीने लावतो. दीड महिन्यात गट फुटला. वास्तविक नियमपुस्तकही या अलाइनमेंटला वेडेपणा म्हणत नाही. असे पात्र स्वतःच्या स्वातंत्र्याला जपते एवढेच. पुलावर आल्यावर ते खाली उडी मारण्यापेक्षा पूल ओलांडण्याचाच संभव अधिक, असे पुस्तकाचे सांगणे आहे. ‘कोणी काही विचारणारच नाही’ म्हणून जो ही अलाइनमेंट घेतो, त्याला बहुधा पात्र नको असते, सूट हवी असते.

कडक_भाकरी:

थोडक्यात दोन पर्याय देतो. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पॅलाडिनला अलाइनमेंटची अटच नाही, तिथे तिने घेतलेली शपथ महत्त्वाची. पण एका पात्रासाठी चालू गटाची आवृत्ती बदलायला लावू नये, असे माझे मत आहे.

दुसरा पर्याय ३.५ मध्येच आहे. शक्ती गमावलेल्या पॅलाडिनला अटोनमेंट या मंत्राने ती परत मिळवता येते. क्लेरिकला हा पाचव्या पातळीचा मंत्र नवव्या लेव्हलला मिळतो. म्हणजे तुमच्या कारभारणीने कोठार उघडले, नंतर एखाद्या मोठ्या धर्मगुरूसमोर उभी राहिली आणि त्याने तिला शुद्ध केले, अशी पूर्वकथा लिहिली तर डीएमचा आक्षेपही राहतो आणि तुमची पॅलाडिनही राहते. मात्र या मंत्राला मनापासून झालेला पश्चात्ताप लागतो. गावाला जगवल्याचा पश्चात्ताप तिला झाला आहे का, हे तुम्हीच ठरवा.

सात_रस्ता:

सर्वांचे आभार. शेवटच्या प्रश्नावर मी दोन दिवस अडून राहिले आणि उत्तर ‘नाही’ असेच आले, त्यामुळे अटोनमेंटचा मार्ग आपोआप बंद झाला. मग वही घेतली. पूर्वकथेत आता एकशे सत्तर पोत्यांची नोंद आहे, प्रत्येक घराच्या नावापुढे आकडा आहे आणि तळाशी तिची सही आहे. गुणांची सूचनाही डीएमनी स्वीकारली: लॉच्या अक्षावर मला ७२ दिले आहेत. म्हणजे आणखी एखादे कोठार उघडले की मी न्यूट्रल. लातूरच्या मित्राला हे फारच आवडले असून तो आता वाटेतले प्रत्येक कुलूप मला दाखवतो.

शनिवारी पहिले सेशन झाले. सुरुवातीलाच सरदाराचा माणूस वही मागायला आला. ‘वही नाही’ असे म्हणायची मुभा होती, तसे डीएमनी दोनदा सुचवलेही. मी वही दिली. त्याने पाने उलटली, सही पाहिली आणि विचारले की पैसे कोण भरणार. माझ्याकडे उत्तर नव्हते. मागे माग चालू होते आणि मी माइक बंद करायला विसरले होते. डीएमनी तेवढाच आवाज थोडा वेळ चालू दिला आणि सेशन तिथे थांबवले.